कल्ट भयपट : पडद्यावर किती दाखवावे आणि किती राखून ठेवावे?

धागालेखिका

गेल्या पंधरवड्यात मी ‘कॅट पीपल’ (१९४२) तिसऱ्यांदा पाहिला आणि जलतरण तलावाच्या प्रसंगापाशी पुन्हा अडकले. अ‍ॅलिस नावाची तरुणी रात्री तळघरातल्या तलावावर एकटी पोहायला आलेली असते. जिन्याकडे काहीतरी असल्याची चाहूल लागताच ती घाईने पाण्यात उडी घेते आणि मधोमध हातपाय मारत तरंगत राहते. पाण्यावरून उलटलेला उजेड भिंतींवर आणि छतावर लाटांसारखा हलत असतो, त्या लाटांवरून मध्येच एक सावली सरकते आणि गुरगुर त्या बंदिस्त जागेत घुमत राहते. अ‍ॅलिसची किंकाळी ऐकून माणसे धावत येतात. दिवा लागतो तेव्हा तिथे फक्त इरेना, म्हणजे आपण श्वापद होतो अशी भीती बाळगणारी नायिका, उभी असते, आणि मग अ‍ॅलिसच्या हाती तिचा स्वतःचा अंगरखा येतो, पार चिंध्या झालेला.

श्वापद आपल्याला या प्रसंगात दिसतच नाही. दिग्दर्शक झाक तुर्नर यांनी पुढे सांगितले होते की, ती सावली त्यांनी दिव्यासमोर स्वतःची मूठ हलवून पाडली होती. निर्माते व्हॅल ल्यूटन यांना स्टुडिओने आधी चित्रपटाचे नाव दिले आणि मग तुटपुंज्या पैशांत त्या नावाचा चित्रपट करायला सांगितले. पैसा नव्हता म्हणून सावलीवर भागवले, असे म्हणता येईल. पण मला ते पुरेसे वाटत नाही. याच चित्रपटात अ‍ॅलिस रात्री एकटी चालत असताना मागून येणारा टाचांचा आवाज एकाएकी थांबतो, शांतता ताणत जाते, आणि श्वापदाने झेप घ्यावी नेमक्या त्या क्षणी बाजूने एक बस फुस्स आवाज करत चौकटीत घुसते. या युक्तीला चित्रपटांच्या जगात आजही ‘ल्यूटन बस’ म्हणतात. पुढच्या काळात तिची नक्कल इतकी झाली की ती केवळ दचकवण्याची सवय होऊन बसली, पण मूळ प्रसंगात दचकण्याआधीची ती शांतता किती जपून रचलेली आहे हे पुन्हा पाहण्यासारखे आहे.

माझे म्हणणे असे आहे की, जे भयपट आपण दहा-वीस वर्षांनी पुन्हा काढून पाहतो, ज्यांच्यासाठी चाहते खराब प्रतीसुद्धा जपून ठेवतात, त्यांपैकी बहुतेकांनी भीतीची मूळ वस्तू प्रेक्षकांपासून राखून ठेवलेली असते. एकदा ती पूर्ण उजेडात आली की आपण तिची मापे घेऊ लागतो, रंगभूषा कशी केली असेल याचा विचार करू लागतो आणि भीतीची जागा कुतूहल घेते. आपल्याला हे पटते का, हे मला जाणून घ्यायचे आहे. कृपया नुसत्या नावांची यादी देऊ नये. एखादा प्रसंग घेऊन त्यात काय घडते आणि ते आपल्यावर का परिणाम करते हे लिहावे.

प्रतिसाद १

प्रसंगाचे वर्णन फार सुरेख झाले आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. जॉन कार्पेंटर यांचा ‘द थिंग’ (१९८२) घ्या. माणसांची हुबेहूब नक्कल करणारा परग्रहावरचा जीव बर्फातल्या एका तळावर शिरतो, अशी त्याची गोष्ट. त्यात काहीही राखून ठेवलेले नाही. माणसाची छाती जबड्यासारखी उघडते आणि आत गेलेले हात कोपरापासून तोडते, धडापासून सुटलेल्या डोक्याला कोळ्यासारखे पाय फुटतात आणि ते टेबलाखालून चालू लागते. हे सगळे भरपूर उजेडात दिसते. ही रूपे घडवणाऱ्या रॉब बॉटिन यांनी विशीच्या सुरुवातीला हे काम अंगावर घेतले आणि ते संपल्यावर अतिश्रमाने त्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. संगणकाची मदत नसताना रबर, चिकट द्रव आणि दोऱ्यांच्या जोरावर केलेले ते काम आजही डोळ्यांना खोटे वाटत नाही.

आता रक्ताच्या चाचणीचा प्रसंग आठवा. संशयित माणसे कोचावर एकमेकांशेजारी दोरीने बांधलेली आहेत. नायक मॅकरेडी प्रत्येकाच्या रक्ताच्या बशीत तापवलेली तार बुडवतो. माणसाचे रक्त असेल तर नुसता चर्र आवाज येतो. एक-दोन जण सुटतात, आपण जरा सैलावतो. पामर नावाच्या माणसाची बशी हातात असताना मॅकरेडीचे बोलणे मात्र बांधलेल्यांपैकीच गॅरीशी चाललेले असते. त्याला तो सांगत असतो की तुझी पाळी सर्वांत शेवटी. आपले सगळे लक्ष गॅरीकडे लागलेले असताना बशीतले रक्त किंचाळत उसळते. शेजारी बांधलेल्या माणसांना पळता येत नाही, आणि ज्वालायंत्र ऐन वेळी पेटत नाही.

मला या प्रसंगात भीती वाटते ती उसळणाऱ्या रक्ताची नव्हे, तर आपण चुकीच्या माणसाकडे पाहत होतो या जाणिवेची. पुढे दिसणारे रूप कितीही सविस्तर दाखवले तरी ती जाणीव पुसली जात नाही. म्हणून ‘दाखवले की भीती संपते’ हा नियम सरसकट लावता येणार नाही.

हा चित्रपट २५ जून १९८२ रोजी प्रदर्शित झाला. प्रेमळ परग्रहवासीयाची गोष्ट सांगणारा ‘ई.टी.’ त्याच्या दोनच आठवडे आधी आला होता. समीक्षकांनी कार्पेंटर यांना फार कठोर शब्दांत झोडपले, एनिओ मोरिकोने यांच्या त्यातील संगीताला तर वर्षातील सर्वांत वाईट संगीताच्या ‘पुरस्कारा’साठी नामांकन मिळाले. दोन-तीन सुरांवर धडधडत राहणारे ते संगीत आज ऐकले की या अन्यायाचा मला अजूनही राग येतो. चित्रपट तगला तो कॅसेटमुळे आणि दूरचित्रवाणीमुळे, म्हणजेच घरी बसून तो पुन्हा पुन्हा पाहणाऱ्या प्रेक्षकांमुळे.

प्रतिसाद २

आपण दोघेही डोळ्यांविषयी बोलत आहात. मला कानांविषयी लिहायचे आहे.

मी ‘हॅलोवीन’ (१९७८) पहिल्यांदा पाहिला तो थोरल्या भावासोबत, चोरून, रात्री उशिरा. शेजारच्या खोलीत वडील झोपलेले असल्यामुळे आम्ही आवाज पूर्ण बंद ठेवला होता. मला तो चित्रपट अतिशय संथ वाटला. पांढरा मुखवटा घातलेला एक माणूस कुंपणाशी उभा राहतो, झुडपाआडून पाहतो, निघून जातो. बराच वेळ याहून अधिक काही होत नाही. भाऊ मात्र हा चित्रपट आधी आवाजासकट पाहून आलेला असल्यामुळे पांघरूण नाकापर्यंत ओढून बसला होता, आणि त्याला कशाची एवढी भीती वाटते आहे ते मला समजेना. कितीतरी वर्षांनी कानांवर हेडफोन चढवून मी तोच चित्रपट पाहिला, तेव्हा पहिल्या दहा मिनिटांतच उठून खोलीतला दिवा लावला.

याही चित्रपटाचे दिग्दर्शक असलेल्या कार्पेंटर यांनी स्वतःच सांगितले आहे की, त्यांनी संगीत घालण्यापूर्वी हा चित्रपट एका स्टुडिओतील अधिकारी बाईंना दाखवला, तेव्हा त्यांना जराही भीती वाटली नाही. मग त्यांनी स्वतः पियानोची ती प्रसिद्ध धून बसवली. तिची लय पाच मात्रांची आहे आणि ती लय त्यांना लहानपणी वडिलांनी बोंगोवर शिकवली होती. चार मात्रांची सवय असलेल्या कानाला प्रत्येक आवर्तनात एक मात्रा जास्तीची वाटते, आणि पाऊल टेकायला जागाच मिळत नाही असे होते. तसेच ‘सायको’चे. स्नानगृहातील प्रसंगाला संगीत नको, असे हिचकॉक यांचे आधीचे मत होते. बर्नार्ड हर्मन यांनी तरीही केवळ तंतुवाद्यांवर ते रचले आणि ऐकल्यावर हिचकॉक यांनी आपले मत बदलले.

‘हॅलोवीन’च्या मुखवट्याविषयीही एक गोष्ट नोंदवतो. तो ‘स्टार ट्रेक’मधील कॅप्टन कर्कचा बाजारात मिळणारा स्वस्त मुखवटा होता, त्याच्या भुवया काढून, केस विस्कटून, त्याला पांढरा रंग दिला होता. शेवटाकडे नायिका लॉरी दाराच्या चौकटीशी टेकून हुंदके देत असते, मागे निव्वळ काळोख असतो, आणि त्या काळोखातून तो पांढरा चेहरा हळूहळू उमटतो. तो अचानक येत नाही. आपल्याला दिसू लागण्याच्या आधीपासून तो तिथेच होता, हे कळल्यामुळे अंगावर काटा येतो.

धागालेखिका

प्रतिसाद १ वाचून मी रक्ताच्या चाचणीचा प्रसंग पुन्हा लावून पाहिला. गॅरीकडे लक्ष वळवण्याची बाब माझ्या आजवर ध्यानात आली नव्हती. माझे मूळ विधान जरा बदलावे लागेल असे दिसते, परंतु एवढ्यात माघार घेत नाही. त्या चित्रपटातसुद्धा आपल्याला शरीरे दाखवली जातात. त्या जीवाचे मूळ रूप कोणते, हे मात्र शेवटपर्यंत दाखवले जात नाही. जे दिसते ते प्रत्येक वेळी कोणाची तरी अर्धवट नक्कल असते.

प्रतिसाद ३

‘द टेक्सास चेन सॉ मॅसकर’ (१९७४) या चर्चेत यायलाच हवा, कारण न दाखवलेली गोष्ट पाहिल्याची खात्री देणारे प्रेक्षक मला सर्वाधिक याच चित्रपटाबाबत भेटले आहेत. पॅमला मांस टांगण्याच्या आकड्याला अडकवण्याचा प्रसंग घ्या. आकडा पाठीत घुसताना कोठेही दिसत नाही. तिला उचलले जाते, तिचा चेहरा दिसतो, खाली ठेवलेले पत्र्याचे भांडे दिसते. रक्त धरण्यासाठी ठेवलेल्या त्या भांड्यामुळे बाकीचे चित्र आपले मनच पूर्ण करते. दिग्दर्शक टोब हूपर यांना तर असा संयम पाळल्यामुळे सौम्य प्रमाणपत्र मिळेल अशी आशा होती.

ब्रिटनच्या परीक्षण मंडळाने १९७५ मध्ये तो नाकारला आणि एकही कट न सुचवता संमत केला तो थेट १९९९ मध्ये. कापण्यासारखे नेमके दृश्य बोट ठेवून दाखवता येत नाही, कारण भीषणता त्या घराच्या हवेतच भिनलेली आहे. जेवणाच्या टेबलावरचा शेवटचा मोठा प्रसंग ऐन उन्हाळ्यात, खिडक्या झाकून, दिव्यांच्या धगीत आणि सडू लागलेल्या मांसाच्या दुर्गंधीत चोवीस तासांहून अधिक काळ चित्रित होत होता. सॅलीच्या डोळ्यांचे जे अतिसमीप दृश्य आहे, त्यातला थकवा अभिनयाने आलेला नाही असे मला दर वेळी वाटते. एखाद्या कलाकृतीसाठी माणसांना इतके ताणावे का, हा प्रश्न मला सतावतो, आणि चित्रपट आवडत असूनही मी तो बाजूला ठेवू शकत नाही.

प्रतिसाद ४

जपानी चित्रपटांकडे कोणी वळले नाही म्हणून लिहितो. हिदेओ नाकाता यांच्या ‘रिंगू’मध्ये (१९९८) सादाको ही भूत झालेली मुलगी दूरचित्रवाणी संचातून बाहेर येते तो प्रसंग सर्वांना ठाऊक आहे, परंतु तिची चाल नेमकी विचित्र का वाटते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. काबुकी या पारंपरिक जपानी नाट्यप्रकाराचे शिक्षण घेतलेली अभिनेत्री झटके देत उलट पावलांनी चालली आणि ते चित्रीकरण उलट्या क्रमाने दाखवण्यात आले. त्यामुळे पाय पुढे पडतात, पण शरीराचा तोल मात्र मागे जाणाऱ्या माणसाचा राहतो. काहीतरी चुकते आहे हे डोळ्यांना कळते, काय चुकते आहे ते सांगता येत नाही. येथे तर भूत पूर्णपणे दाखवले आहे. राखून ठेवला आहे तो तिचा चेहरा, आणि तो केसांमागे शेवटपर्यंत राहतो. एक डोळा तेवढा दिसतो, आणि तोही क्षणभरच.

नोबुहिको ओबायाशी यांचा ‘हाऊस’ (१९७७) मात्र आपल्या दोन्ही बाजूंना न जुमानणारा आहे. पियानो मुलीला खातो, छिन्न झालेली बोटे सूर वाजवत राहतात, आणि या कल्पनांपैकी अनेक दिग्दर्शकाच्या शाळकरी मुलीने सुचवलेल्या आहेत. मोठी माणसे समजणाऱ्या गोष्टींचाच विचार करतात, मुलांना मात्र स्पष्टीकरण नसलेल्या गोष्टी सुचतात, असे त्यांचे मत होते. मला तो पाहताना भीती वाटत नाही, पण तापात पडलेल्या स्वप्नांसारखी एक अस्वस्थता दोन दिवस सोबत राहते.

प्रतिसाद ५

आपल्याकडच्या चित्रपटांविषयी दोन शब्द. रॅमसे बंधूंचे नाव निघाले की लोक हसतात, आणि ते हसू मला खटकते. दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी, संकलन, लेखन ही कामे सात भावांनी आपसांत वाटून घेतली आणि मोठ्या निर्मात्यांनी ज्या प्रकाराकडे ढुंकूनही पाहिले नव्हते तो प्रकार ‘दो गज जमीन के नीचे’पासून (१९७२) उभा केला. ‘पुराना मंदिर’मधील (१९८४) सामरी हा राक्षस भर उजेडात रबरी वाटतो, हे मान्य आहे. पण निळसर धुके, हलणारे कंदील आणि शिर एकीकडे व धड दुसरीकडे बंदिस्त करून ठेवण्याची कल्पना यांतून जे वातावरण तयार होते, ते कष्टाने तयार केलेले आहे. धागालेखिकेच्या म्हणण्याला येथे पुष्टी मिळते : सामरी येण्यापूर्वीचा भाग तो आल्यानंतरच्या भागापेक्षा कितीतरी सरस आहे.

‘तुंबाड’ (२०१८) मात्र या सगळ्यांत वेगळा ठरतो. हस्तर या शापित देवाचे नाव आपण लहानग्यांना झोपवण्याच्या धमकीतून ऐकतो. साखळदंडांनी जखडलेली ती म्हातारी आजी केवळ त्या नावाने निपचित होते, तेव्हा ज्याला आपण अजून पाहिलेलेही नाही त्याचा धाक पडद्यावर दिसतो. पुढे हस्तर दिसतो, चांगला सविस्तर दिसतो, तरी भीती ओसरत नाही. कारण तोवर ती नायक विनायकाच्या हावेत जाऊन बसलेली असते. पिठाची बाहुली घेऊन तो दोरावरून खाली उतरतो आणि मुठीत सुवर्णमुद्रा घेऊन वर येतो, त्या प्रत्येक वेळी त्याच्या चेहऱ्यावर भीती कमी आणि सराव अधिक दिसू लागतो. नारायण धारपांच्या कथाविश्वाशी नाते सांगणारा हा चित्रपट अनेक पावसाळे खर्चून चित्रित झाला. पहिल्या प्रदर्शनात त्याला माफक यश मिळाले. २०२४ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत आला तेव्हा त्याने पहिल्यापेक्षा अधिक कमाई केली. सहा वर्षे तोंडोतोंडी वाढलेली ती गर्दी होती, आणि तिच्यात सामील होताना मला मनापासून आनंद झाला.

प्रतिसाद ६

कल्ट होण्यामागे कलेइतकाच योगायोगही असतो, हेही येथे नोंदवावेसे वाटते. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चे (१९६८) नाव ऐन वेळी बदलले गेले आणि नव्या शीर्षकपट्टीवर स्वामित्वहक्काची सूचना घालायची राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार एवढ्या चुकीमुळे चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो आणि त्यांच्या साथीदारांचे मोठे आर्थिक नुकसान झाले, परंतु कोणालाही तो फुकट दाखवता येऊ लागल्याने तो सर्वदूर पोहोचला. रात्रभर तग धरून राहिलेला बेन सकाळी मदतीला आलेल्या माणसांच्याच गोळीला बळी पडतो आणि त्यानंतर केवळ दाणेदार स्थिरचित्रे येतात, त्यांत आकड्याने ओढले जाणारे त्याचे शरीर असते. मुख्य भूमिकेत ड्वेन जोन्स हा कृष्णवर्णीय नट असल्याने त्या वर्षीच्या अमेरिकेत ती चित्रे कशी दिसली असतील, याचा विचार केला की सुन्न व्हायला होते.

याच्या अगदी उलट ‘नोस्फेरातू’ची (१९२२) कथा. ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवरून परवानगी न घेता केल्यामुळे कादंबरीकार ब्रॅम स्टोकर यांच्या पत्नीने दावा लावला आणि न्यायालयाने सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. परदेशी गेलेल्या काही प्रती वाचल्या, म्हणून जिन्याच्या भिंतीवरून वर चढणारी ती लांब बोटांची सावली आज आपल्याला पाहता येते. सूर्यप्रकाशाने पिशाच मरते ही कल्पनाही कादंबरीतली नाही, ती याच चित्रपटाने दिली.

आणि ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ (१९६२) ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी अवश्य पाहावा. हर्क हार्वी हे शैक्षणिक आणि औद्योगिक माहितीपट करणारे दिग्दर्शक होते, आणि हा त्यांचा एकमेव कथापट. नायिका मेरी दुकानात कपडे पाहत असते आणि एका क्षणी जगातला सगळा आवाज नाहीसा होतो. विक्रेती तिच्याकडे पाहत नाही, कोणालाच ती ऐकू येत नाही. ना राक्षस, ना रक्त. मी आजवर पाहिलेल्या सगळ्या भयपटांत मला सर्वाधिक एकटे वाटले ते या प्रसंगात.

धागालेखिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रतिसाद ६ मधील दुकानाचा प्रसंग मी काल रात्री पाहिला. त्यात लपवलेले काहीच नाही, सगळे दुकान दिव्यांनी उजळलेले आहे, आणि तरी मला तलावाच्या प्रसंगाइतकीच भीती वाटली. त्यामुळे माझे पहिले विधान मी मागे घेते. भीतीची वस्तू दिसते की नाही, यावर फारसे काही अवलंबून नसावे. अ‍ॅलिसला कोणी फाडू पाहत होते आणि ते का, मेरीला कोणी ऐकत का नाही, कोचावर बांधलेल्यांपैकी माणूस कोण, या प्रश्नांचे उत्तर लांबवत नेण्याची दिग्दर्शकाची हिंमत मला आता अधिक मोलाची वाटते. ‘सस्पिरिया’विषयी (१९७७) मात्र कोणीच लिहिले नाही याचे आश्चर्य वाटते. त्यातील पात्रे मुळात लहान मुली असणार होत्या. पुढे तरुण अभिनेत्री घेतल्या तरी दारांच्या मुठी उंचावरच ठेवण्यात आल्या, आणि त्यामुळे मोठ्या बाया नकळत हात वर करून दार उघडतात. त्या एका गोष्टीवर कोणी सविस्तर लिहिले तर मला फार आवडेल.

प्रतिसाद १

‘सस्पिरिया’ या शनिवारी पुन्हा पाहून लिहितो. तोवर उत्तर लांबवण्याच्या मुद्द्यावर ‘द थिंग’चाच शेवट सांगतो. तळ जळून गेला आहे, बर्फात मॅकरेडी आणि त्याचा सहकारी चाइल्ड्स समोरासमोर बसले आहेत, दोघांपैकी एक जण माणूस नसण्याची पूर्ण शक्यता आहे आणि दोघांनाही ते ठाऊक आहे. चाहते गेली चाळीस वर्षे मॅकरेडीच्या तोंडातून निघणारी वाफ आणि चाइल्ड्सच्या तोंडातून नीट न दिसणारी वाफ यांची तुलना करत आले आहेत. मी स्वतः ती दृश्ये थांबवून थांबवून पाहिली आहेत. चाइल्ड्सच्या तोंडाशीही वाफ आहे, फक्त त्याच्यावरचा उजेड वेगळ्या बाजूने येतो. मॅकरेडी त्याला बाटली देतो, तो एक घोट घेतो, मॅकरेडी किंचित हसतो, आणि ते दोन-तीन सूर पुन्हा सुरू होतात.